दार कोन ठोकी ऱ्हायनं

स्टुडिओ म्हणजे लोकेश झोपेच्या घरची मागची खोली,
भुसावळात, रेल्वे यार्डापासून हाकेच्या अंतरावर.
भिंतींना सात गोधड्या ठोकल्या,
खिडकीत कापसाच्या दोन गाद्या उभ्या केल्या.
लोकेशचे वडील डोकावून म्हणाले,
लग्न आहे का बाळंतपण?

मे महिना.
पंखा लावला की माइकमध्ये पंखाच गातो,
म्हणून पंखा बंद.
आम्ही बनियनवर, दामिनी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन;
तिची गिटार दर दोन ओळींनी उतरायची.
उन्हाने तारसुद्धा जीव सोडते
हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलं नव्हतं.

मुबारक सावद्याला.
मामाचं केळी पिकवायचं चेंबर दोन दिवस रिकामं होतं,
तिथे त्याने ढोलकी वाजवली,
आणि गारठ्याने पुडी ढिली पडली.
ट्रॅकचं नाव त्याने ठेवलं: कच्ची केळी चार फायनल फायनल.

रेलसिंग धडगावच्या वरच्या पाड्यावर.
रिकाम्या कणगीत मोबाइल सोडून
तोंडाशी बसून पावरी वाजवायचा,
मग फाइल पाठवायला टेकडी चढायचा.
त्याच्या प्रत्येक फाइलच्या शेवटी
एक शेळी आहे.
ती आम्ही सगळीकडून कापली,
एका गाण्यात सापडली नाही, राहिली.

आणि शेजारच्या सुपडाबाई.
उडदाचं पीठ हाताला तसंच, पापड अर्धे लाटून आल्या.
आखाजीचं, झोक्यावरचं गाणं त्यांना येत होतं
जे आमच्यापैकी कुणाच्याच आईला पूर्ण येत नव्हतं.
मी कानांवर हेडफोन चढवले, क्लिक चालू केली,
मिनिटाला ब्याऐंशी ठोके.
त्या ऐकत राहिल्या. गाईनात.
मग म्हणाल्या,
दार कोन ठोकी ऱ्हायनं? उघाडा ना रे.

आणि हेडफोन काढून स्वतःच उठल्या.
कडी काढली.
दारात कुणी नव्हतं, नुसतं ऊन होतं,
ते आत आलं.

रेकॉर्डिंग चालूच होतं.
बांगड्या आहेत त्यात, कडी आहे,
बिजागरीचं कुरकुरणं,
आणि लांब यार्डात
एक डबा दुसऱ्या डब्याला लागला,
बरोबर समेवर.

गाणं नंतर झालं, क्लिकशिवाय.
लोकेश स्क्रीनवर रेघा मारत बसला:
इथे त्या थांबतात, इथे पळतात,
पुन्हा थांबतात.
कशातच बसेना.
मध्यरात्री त्याने माउस सोडला
आणि खुर्चीतच पुढेमागे डुलायला लागला.
झोका वर गेला की थांबायचं, त्याला कळलं होतं.
आम्हाला सांगितलं नाही त्याने. डुलत राहिला.

ती एक्केचाळीस सेकंदं ठेवायची की नाही
यावरून दामिनी आठ दिवस बोलली नाही.
हा अल्बम आहे, ती म्हणाली, घरचा व्हिडिओ नाही.
मी म्हणालो ते आता लिहिण्यासारखं नाही.

थंडीत भरीताची पार्टी झाली, लोकेशच्या काकांच्या मळ्यात.
तुराट्यांच्या जाळावर वांगी, कळण्याची भाकरी,
सावद्याहून मुबारक आला, रेलसिंगचा फोन लागला नाही.
बोटांना काळं लागलेलं असताना
दामिनी म्हणाली, ठेव ते.
पण आवाज थोडा कमी कर.

कमी केला.

अल्बम निघाला तेव्हा पेन ड्राइव्ह घेऊन
आम्ही सुपडाबाईंकडे गेलो.
टीव्हीला लावला.
पापड लाटता लाटता त्यांनी सगळी गाणी ऐकली,
शेळीला हसल्या,
स्वतःच्या गाण्याला मान नुसती हलवली,
जणू कुणीतरी ओळखीचं रस्त्याने गेलं.
गाण्याआधीची कडी वाजली
तेव्हा मात्र लाटणं थांबलं होतं.
टीव्हीकडे नाही, दाराकडे बघितलं.

निघताना विचारलं,
मंग, कोनी ऊनं का?